हातभर तोकडं लुगडं

परतूरच्या अलीकडे आमचं गाव. हिंदुस्थान स्वतंत्र होऊन वर्ष होत आलं, तरी आम्ही हैदराबाद राज्यातच. गावात तिरंगा दिसला की बंदूकवाल्यांची टोळी घरात शिरे. वडील निजामाविरुद्ध लढायला सरहद्दीपलीकडच्या छावणीत गेलेले. घरात आई, मी आणि माझी विधवा आत्या.

झेंडा शिवायचं आत्यानंच काढलं. केशरी पट्टी देवळाच्या पताकेची, पांढरी तिच्या स्वतःच्या लुगड्याची. हिरव्यासाठी तिनं आईचं लग्नातलं लुगडं मागितलं, तशी आई खवळली.

"वन्सं, तुमच्या पांढऱ्याला माझं हिरवं जोडायचं? माझा नवरा तिकडं जीव मुठीत धरून राह्यलाय!"

दुसऱ्या दिवशी आईनंच हातभर कापून दिलं, पण धुसफुसत. लुगड्याचा काठ फाडणं अशुभ, म्हणून दोघींनी काठासकट पट्ट्या जोडल्या. अन् आमच्याकडे बाईचं लुगडं सारा गाव काठावरून ओळखतो! त्या दोघींचा मला आजही राग येतो.

झेंडा वेशीवर अर्धा दिवस टिकला. मग टोळीवाले तो फाडून घेऊन दारोदार काठ जुळवत फिरले. आमची पेटी उपसली, हिरवं लुगडं हाती लागलं.

"ये किसका है?"

आत्या पुढं झाली. "माझं हाय. लग्नातलं ठिवलं व्हतं. पांढरं बी माझंच. वहिनीला काई ठाव न्हाई."

तिला केसांना धरून चावडीपुढं ओढत नेलं. बंदुकीच्या दस्त्यांनी मारलं. एकानं तिच्या लुगड्याला हात घातला, तेव्हा तिनं दोन्ही हातांनी कासोटा घट्ट धरला. डोकं वाचवायला तिच्याकडे हातच उरला नाही. दस्ता कवटीवर बसल्याचा आवाज मी ऐकला. त्या माणसांना मी कधी माफ केलं नाही, करणारही नाही.

टोळीवाले चावडीपुढं टाकून गेलेलं हिरवं लुगडं आईनं उचललं आणि घरी येऊन आत्याच्या मढ्यावर पांघरलं. बाया दचकल्या.

"अगं, रांडमुंड बाईला हिरवं? तुझा नवरा जित्ता हाय, अपशकुन कशाला?"

"सारा अपशकुन तिनं घेतला की अंगावर," आई ओरडली. "आता माझ्यासाठी राह्यलाय कुठं?"

लुगडं हातभर तोकडं पडलं. मी खाली ओढून पाहिलं, तरी आत्याची पावलं उघडीच राहिली.