त्या खोलीचा वास

श्रीगोंद्याच्या पुढे, मोटार सोडून कोसभर चालावं लागे अशा एका गावात मी मास्तर म्हणून रुजू झालो, तेव्हा महायुद्ध चालू होतं आणि जगातली सगळी अक्कल माझ्याकडे आहे अशी माझी समजूत होती. शाळा एकशिक्षकी. म्हणजे हेडमास्तर मीच आणि घंटा बडवणाराही मीच. राहायला एका शेतकऱ्याच्या घराची कडेची खोली मिळाली. जाड मातीच्या भिंती, वर धाबं, एक दार आणि एक झरोका. माझ्याआधी तिथे जंगलखात्याचा एक गार्ड राहायचा. त्याची एकाएकी बदली झाली, घाईघाईत त्याने बाडबिस्तरा उचलला आणि गेला. मी आलो तेव्हा खोली रिकामी होती, फक्त तिला एक वास येत होता.

खोली मला कशासाठी हवी होती ते आधी सांगतो. वडील मी लहान असतानाच गेले. आई नगरला माझ्या काकांच्या घरी राहत होती. राहत होती म्हणजे सगळ्यांच्या आधी उठत होती आणि सगळ्यांच्या नंतर जेवत होती. तिला कुणी टाकून बोलत नसे, पण भाजीत मीठ कमी पडलं तर ते तिने सांगायचं नाही, असं ते राहणं होतं. सकाळचा चहा हा तिचा एकुलता एक शौक. साखर मिळेनाशी झाली तेव्हा ती गुळाचा घ्यायची, पण घ्यायची. चुलीपाशी पाय पोटाशी घेऊन, बशीत ओतून, अगदी सावकाश. तेवढा वेळ ती कुणाची वहिनी नसे की काकू नसे. नोकरी लागल्यावर मी तिला म्हणालो, "खोली नीट लावतो आणि तुला घेऊन जातो." ती "बरं" म्हणाली. मग आपल्या देवांतला बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा फडक्यात बांधून माझ्या हातात दिले.

"देव पुढे जाऊ देत," ती म्हणाली, "मी मागून येते."

खोलीत भिंतीला एक खोल कोनाडा होता. त्याच्या तळाशी लाकडी फळी बसवलेली होती. देवांना यापेक्षा चांगली जागा नव्हती. पहिल्याच सकाळी मी फळी ओल्या फडक्याने पुसली, देव मांडले, उदबत्ती लावली आणि मग वासाच्या मागे लागलो.

वास विचित्र होता. कुजका म्हणावा तर नाही, ओलीचा म्हणावा तर तोही नाही. खारट, जुनाट, घशाला चिकटून बसणारा. उंदीर मेलाय, असं मी ठरवून टाकलं. कोपरे उकरले, बिळं बुजवली, दोनदा जमीन शेणाने सारवली, भिंतींना चुना दिला. कडुलिंबाच्या ओल्या पाल्याची धुरी केली, तेव्हा डोळे लाल होऊन मीच बाहेर पडलो. वास आत राहिला. नगरहून ऊद आणि गुग्गुळ आणले. कुणी सांगितलं म्हणून कोपऱ्यात लोणारी कोळशाची पाटी ठेवली, कुणी सांगितलं म्हणून लिंबाच्या साली वाळवून जाळल्या. दोन दिवस बरं वाटे, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी देवांपुढच्या उदबत्त्या वाढवल्या. आता खोलीला तो वास आणि मोगरा असा दोन्हींचा मिळून वास येऊ लागला. त्यापरीस नुसता होता तो बरा होता.

गावात विचारावं तर कुणी ताकास तूर लागू देत नव्हतं. घरमालकांना खोलीत नेऊन उभं केलं आणि विचारलं, "घाण येते का हो?" त्यांनी छताकडे पाहिलं. "कुठं काय, मास्तर? आमाला तर काय येत न्हाई," म्हणाले आणि निघून गेले.

लोक वाईट नव्हते. शाळेत चांगले वागायचे, पारावर जागा करून द्यायचे. पण माझ्या खोलीत कुणी येईना. आलंच तर गल्लीच्या तोंडापासून मोठमोठ्याने खाकरत यायचे आणि बाहेरूनच विचारायचे, "मास्तर, जेवन झालं का?" नाही म्हटलं की, "हुं द्या निवांत, आमी मागनं येतो," म्हणून जे जात ते मागनं कधी येत नसत. मालकीणबाई सकाळी दूध आणायच्या, त्याही उंबऱ्याबाहेर तांब्या ठेवून हाक मारत आणि पाठ फिरवत. माझ्या घाणेरड्या खोलीला लोक कंटाळले असं मी समजलो. संध्याकाळी शाळेला कुलूप लावलं की सकाळपर्यंत माझ्याशी बोलायला कुणी नसे. कधी कधी मी भाकरी थापता थापता स्वतःशीच मोठ्याने बोले, आणि आवाज ऐकून दचके.

आईला मात्र किती दिवस थांबवणार? सुगी संपत आल्यावर मीच जाऊन तिला घेऊन आलो. मोटारीपासून मालकांनी बैलगाडी पाठवली होती. आई गाडीत सारखी इकडे तिकडे पाहत होती. ज्वारीच्या कणसांचे ढीग दिसले की मला दाखवत होती. मी तिला इतकी खूश कधी पाहिली नव्हती. दारात तिने पाय धुतले, आत आली आणि थेट कोनाड्यापाशी गेली. देवांना डोकं टेकायला वाकली आणि तशीच थांबली. मग सरळ झाली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

"वास येतो ना जरा?" मी ओशाळून म्हणालो. "उंदीर मेलाय कुठेतरी."

"असेल," ती म्हणाली.

त्या दिवशी तिने स्वतःसाठी काही रांधलं नाही. उपास आहे म्हणाली. कसला, ते मला आठवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आंघोळ केली, देवांना पाणी घातलं, पुसून फडक्यात बांधलं आणि गाठोडं हातात घेऊन म्हणाली, "मला मोटारीवर सोड. यांना माझ्याकडेच असू देत." मी खूप विनवलं. काय चुकलं, एवढं तरी सांग म्हणालो. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि गाडीत जाऊन बसली.

परत आलो. रिकामा कोनाडा बघवेना. फळीवर हळदकुंकवाचे डाग राहिले होते, ते निघावेत म्हणून जोर लावून घासलं तर फळी हलली. देव बसलेले असताना तिला कधी धक्का लावला नव्हता. देवाखाली उंदीर कोण शोधणार! उचलली. खाली भिंतीत पोकळी होती आणि पोकळीत तोंडाला कापड बांधलेलं एक गाडगं. कापड सोडलं आणि मी मागेच सरलो. आत सुकट होती, आणि सुके बोंबील. मांजरापासून वाचवायला गार्डसाहेबांनी शोधलेली जागा.

वासाचं नाव मला तेव्हा कळलं. लहानपणी बाजारात सुकटीच्या पाट्यांपाशी आलो की आई माझ्या नाकावर आपला पदर धरायची. म्हणून तो वास तिला ठाऊक होता आणि मला नव्हता.

गाडगं घेऊन उकिरड्याकडे निघालो तर वाटेत मालकीणबाई.

"आवं, टाकून कशापायी देताय?" त्या म्हणाल्या. "लई जुनी झाली व्हय?"

"ही माझी नाही!" मी जवळजवळ किंचाळलो.

"आसू द्या वो मास्तर. कुनाचं काय जातंय? आमच्या मालकांनी समद्यांस्नी सांगून ठिवलंय, मास्तर जेवत आसल तवा आत जायचं न्हाई. बामनाचं पोर हाय, लाजंल. लांबनं खाकरायचं, म्हंजी ताट सरकवाया सवड मिळंल."

 मग एकदम लक्षात आलं, की आईलाही हेच वाटलं.

पुढच्या सुट्टीत नगरला पोचलो तो तडक तिला गाठण्यासाठीच. आधी काकू भेटल्या. "तुझ्याकडून आल्यापासून वहिनींनी चहा सोडलाय," त्या म्हणाल्या. "कशासाठी ते सांगत नाहीत. विचारलं तर म्हणतात, एकासाठी सोडलाय."

आई माजघरात तांदूळ निवडत होती. मी तिच्यापुढे बसून सगळं सांगितलं. गार्ड, फळी, पोकळी, गाडगं. ती मान हलवत होती, मधूनच खडा काढून बाजूला ठेवत होती.

"म्हणजे ती सुकट माझी नव्हती," मी म्हणालो.

"हो रे. नसेलच."

"मग चहा घे. आणि चल माझ्याबरोबर. आता खोलीला कसलाही वास नाही."

तिने सूप खाली ठेवलं. "मी तिथे आले की तुझी पंचाईत होईल," ती फार मायेने म्हणाली. "एकटा राहतोस, हाताने करून खातोस. अंगात ताकद नको का? तुला जे रुचेल ते खा. देवांचं मी इथे बघते."

"अगं, मी नाही खात!" मी ओरडलो. "तुझी शपथ, मी कधीच..."

तिने चटकन माझ्या तोंडावर हात ठेवला आणि दाराकडे पाहिलं.

"हळू," ती म्हणाली, "काकांना ऐकू जाईल."

ती माझ्याकडे राहायला कधीच आली नाही, आणि चहाही तिने पुन्हा घेतला नाही. त्या वेळी मी एकटाच मोटारीने परतलो. गावात शिरलो तसं पारावर कुणीतरी खाकरलं. खोलीचं कुलूप काढून आत गेलो, दार लावून घेतलं आणि खोल श्वास घेतला. सारवलेल्या जमिनीचा आणि चुन्याचा स्वच्छ वास येत होता. मला रडू आवरेना.