पाइपातली सरहद्द

माझ्या चुलतसासऱ्यांइतका आंतरराष्ट्रीय माणूस माजलगावात दुसरा झाला नाही, आणि होऊही नये. धरणापेक्षा मोठं पाणी त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. पण त्या खुल्या बाजाराच्या वर्षांत त्यांच्या माळवदावर डिश बसली, इंग्लंड-फ्रान्समध्ये समुद्राखालून बोगदा निघाल्याची बातमी आली आणि सासऱ्यांनी दुकान सोडून जगाचे बांध हाती घेतले. सरकीची पेंड मागणाऱ्या गिऱ्हाइकाला आधी सांगावं लागे, की बोगद्यातली सरहद्द पाण्याची का जमिनीची? "पाण्याची" म्हटलं की पेंड बंद. "अबे, वर पानी आसंना का! पाय कोरडे ऱ्हायले की ती जमीनच!" या कायद्यापायी एक म्हैस उपाशी राहिलेली मी स्वतः पाहिली आहे. दोन म्हणणारे अतिशयोक्ती करतात.

हा सगळा अभ्यास एका पाइपापायी. सासऱ्यांच्या विहिरीचं पाणी धाकट्या भावाच्या रानाखालून पुरलेल्या पाइपाने पलीकडच्या उसाला जाई. वाटणीपासून बोलणं बंद. एक दिवस भाऊ कुदळ घेऊनच आला. "माझ्या रानाखालचं समदं माझं. उखडतो!" पाइप गेला असता तर ऊस गेला असता, आणि भाऊ कायमचाच. सासरे शांतपणे म्हणाले, "बारक्या, बोगद्याच्या मधोमध सरहद्द आस्ती. तसं आर्धं पानी तुझं. आन् तिकडं फ्रान्सचा शिपाई इंग्लंडात बसतो, इंग्लंडचा फ्रान्सात. तू माझ्या हिरीवर बस, मी तुझ्या रानात बसतो."

"दादा, तुझं डोस्कं फिरलंय," भाऊ म्हणाला. इतक्या वर्षांनी निघालेलं ते 'दादा' सासऱ्यांनी ऐकलंच नाही असं दाखवलं.

दुसऱ्या दिवसापासून दोघं परमुलखात रुजू झाले. भावाला आमच्या चुलतसासूबाईंची भाकरी, सासऱ्यांना भावजयीचा चहा. "तिकडं साखर लई घालतेत," अशी तक्रार करत सासरे चांगले गरगरीत झाले. बांधावरून जाताना मलाही अडवत. "जावईबापू, पासपोर?" तो नसल्याने पिशवीतले दोन पेरू जप्त होत.

मग भाऊ गेला. पुतण्यांनी स्वतःचं बोअर घेतलं, पाइप कोरडा पडला. तरी सासरे सकाळी भावाच्या रानात जाऊन बसलेलेच.

"मामा, आता कावून बसता?"

"ठाणं एकट्यानं उठवता येत न्हाई, जावईबापू. दोगांची सही लागती."

मी सवयीने पिशवी उघडून पुढे धरली. त्यांनी आत पाहिलंही नाही. म्हणाले, "जावा."