पांढरी एक

सिरसाळ्यात रवीला सगळे बँडवाला म्हणतात. भर बाजारात त्याच्या वडिलांच्या, मन्मथप्पांच्या, नावाचं किराणा दुकान आहे, तरीही. लग्नसराईत तो अजिनाथच्या बँड पार्टीत कीबोर्ड वाजवतो. उरलेले दिवस साखर तोलतो.

एके काळी तो रॉक वाजवायचा. अंबाजोगाईला कॉलेजात असताना माजलगावच्या विजयसिंहबरोबर त्याने बँड काढला. विजयसिंह गायचा. रवी गाणी लिहायचा, चाली लावायचा. पेटी तो महादेवाच्या देवळात भजनाला बसून शिकला होता, तेवढ्यावर त्याने सगळं उभं केलं. धरणाखाली गेलेल्या गावावर त्याचं एक गाणं होतं. 'पाणी उतरलं की दिसतो पार, पारावर बसायला कोण आहे यार.' पोरं बाकांवर चढून ते म्हणायची.

दोघे पुण्याला गेले. तीन वर्षं एका खोलीत राहिले. मग मन्मथप्पांची डावी बाजू गेली आणि रवी महिन्याभरासाठी दुकानावर बसायला आला. त्याला आता एकोणीस वर्षं झाली.

वरातीत कीबोर्ड टेम्पोवर दोरीने बांधलेला असतो. नवरदेवाचा मामा माईक हिसकावतो आणि स्वतःच्या मनाच्या पट्टीत सुरू होतो. वाजवणाऱ्याने ती धरायची. त्यासाठी कीबोर्डला एक बटण असतं. बोटं कायम पांढरी एकमध्ये, सगळ्यात सोप्या पट्टीत, फिरवायची. बटण दाबलं की आवाज हवा तितका वर किंवा खाली सरकतो. सगळे असंच करतात. पहिल्या वर्षी रवी करत नव्हता. हट्टाने प्रत्येक पट्टी हाताने वाजवायचा. मग उन्हात, जनरेटरच्या धुरात उभं राहून राहून तोही करायला लागला.

यंदा फेब्रुवारीत विजयसिंहचा फोन आला. त्याच्या बँडचं आता नाव झालं होतं. अंबाजोगाईच्या एका कॉलेजात कार्यक्रम होता आणि त्यांच्या कीबोर्डवाल्याला टायफॉइड झाला होता.

"तूच ये बे," विजयसिंह म्हणाला. "शेवटचं गाणं तुझंच हाय. अन् जमलं तर पुढच्या आठवड्यातला दौरा बी तूच कर. बारा गावं हायत."

रवीने अजिनाथला सांगितलं. अजिनाथ म्हणाला, "जावा आप्पा. जमलं तर माघारी येऊच नका. आमी बघतो हिकडचं."

दुपारी दोनला आवाज तपासायला सगळे स्टेजवर जमले. कीबोर्ड भारी होता, लाकडी पट्ट्यांचा. ड्रमवाल्याने चार मोजले. रवीची बोटं पांढरी एकवर गेली. सगळा बँड वर होता आणि तो खाली. ड्रमवाला थांबला.

"रव्या, काळी दोन," विजयसिंह म्हणाला. "ध्यानात हाय ना?"

होतं. गाणं काळी दोनमध्ये बांधलं होतं ते त्यानेच. त्याने परत सुरू केलं. ध्रुवपद निभावलं. अंतऱ्यात बोटं आपोआप घसरली आणि पांढऱ्यावर जाऊन बसली. परत. मग परत.

"बोटं काय साखरेच्या पोत्यात राहिली का बे?" विजयसिंह हसला. पुढच्या खेपेला हसला नाही.

रवीने साउंडवाल्याला हळूच पट्टी सरकवायचं बटण विचारलं.

"आहे ना दादा. पण मागे वाजणारे, आधीच रेकॉर्ड केलेले ट्रॅक ह्याच्यावरूनच वाजतात. तुम्ही फिरवलं की तेही फिरतील."

विजयसिंहने त्याला बाजूला घेतलं. "आता माझा गळा बी तितका खाली जात न्हाई, न्हाईतर समदं गाणंच पांढरी एकमधी घेतलं असतं."

"माहीत हाय."

"असं कर. ट्रॅकमधी तुझी चाल भरलेली हाय. तू नुसता हुबा राहा. तुझ्या वाजवण्याचा आवाज बंद ठिवू. कुणाला कळत न्हाई."

"तुला कळंल की."

"मला कळून काय व्हायचंय? तू शेजारी दिसलास, बस झालं."

तो हे मनापासून बोलत होता. म्हणून रवीला नाही म्हणता आलं नाही.

संध्याकाळी शेवटच्या गाण्याआधी विजयसिंहने सांगितलं, हे गाणं ज्याने लिहिलं तो हा. टाळ्या पडल्या. रवी उभा राहिला. हातांनी मात्र ऐकलं नाही. त्यांनी अख्खं गाणं वाजवलं, पांढरी एकमध्ये, एकही चूक न करता. मधल्या जागेत एक नवा तुकडाही वाजवला. तो त्याला कधीतरी दुकानात सुचला होता आणि अजून कुणासमोर वाजवायचा राहिला होता. मैदानावर पोरं नाचत होती. तो तुकडा त्यांना ऐकू आला नाही. रवीलाही नाही.

"बघ, जमलं की," खाली उतरताना विजयसिंह म्हणाला. "दौऱ्याला चल. महिनाभर बसलास तर बोटं बसतील. तवर असंच करू."

"न्हाई विजू."

"कावून?"

"टेम्पोवर निदान माझं मला ऐकू येतं."

विजयसिंह काही म्हणणार होता, पण तेवढ्यात सेल्फीसाठी पोरापोरींनी त्याला गाठलं. रवी थोडा वेळ थांबला. मग सिरसाळ्याची गाडी धरायला स्टँडकडे निघाला.