आमच्याकडं जुन्या व्हॅन मिळतील

जुन्या गाड्यांच्या धंद्यात गाडी विकली जाते, किस्सा मात्र आपल्याकडंच राहतो. बीड बायपासला रफिकभाई आणि मी जुन्या व्हॅन, टेम्पो, पिकअप घेतो, रंगरंगोटी करतो आणि विकतो. रफिकभाई माझे पार्टनर. त्यांचा एकच नियम, "झूट नक्को." जुन्या गाड्यांच्या धंद्यात असला पार्टनर मिळायला नशीब लागतं. ते नेमकं माझंच का असावं, हे मला अजून कळलेलं नाही.

*

गिऱ्हाईक गाडी बघायला येतच नाही. ते आधीचा मालक बघायला येतं. आणि मालक कोण हवा, तर डॉक्टर. डॉक्टर गाडी हळू चालवतात, ऑइल वेळेवर बदलतात अशी आमच्याकडं सगळ्यांची श्रद्धा आहे. या लोकांनी कुठल्या डॉक्टरला गाडी चालवताना पाहिलं नसावं.

लासूर स्टेशनचे एक भुसार व्यापारी पिकअप बघायला आले.

"गाडी कुणाची?"

"डॉक्टरसाहेबांची," रफिकभाई म्हणाले.

शेठ खूश झाले. मग त्यांना शंका आली. "डॉक्टरला एवढा मोठा हौदा कशाला लागतो?"

"जनावरांचे डॉक्टर होते. पेशंट मागं असायचे."

शेठ मागं गेले, वाकले, हौद्याचा खोल वास घेतला आणि समाधानानं सरळ झाले.

"खरं बोलता तुम्ही. गाडी डॉक्टरचीच हाय."

घेऊन गेले.

*

काही लोक सोबत जाणकार आणतात. जाणकार बहुतेक मामा असतो आणि त्याची गाडी असतेच असं नाही.

असाच एक तरुण मामाला घेऊन आला. पोरानं नुकताच पाण्याच्या जारचा धंदा सुरू केला होता आणि छोटी व्हॅन त्याला मनापासून आवडली होती. मामांनी चारही टायरला लाथा घातल्या. दार चारदा उघडलं, चारदा आपटलं. मग बोनेटला कान लावून, डोळे मिटून बराच वेळ उभे राहिले. पोरगा श्वास रोखून बघत होता.

"इंजिनात आवाज हाय," मामांनी निकाल दिला.

आमच्या शेजारी पिठाची गिरणी आहे. मी नम्रपणे म्हणालो, "मामा, गाडी अजून चालू केलेली नाही."

आपण चुकलो असं कबूल करणारा मामा देवानं घडवलेला नाही. त्यांनी पोराचा दंड धरला आणि त्याला बाजूला ओढलं.

"चल. बंद असताना एवढा आवाज, चालू केल्यावर काय करंल?"

पोरगा दुसऱ्या दिवशी एकटाच आला आणि गाडी घेऊन गेला. जाताना म्हणाला, "मामांनी इचारलं तर दुसरीकडनं घेतली म्हणा." मी हो म्हणालो. रफिकभाई म्हणाले, "तो फोन तू उचल. मेरेकू झूट नक्को."

*

पिशोरचा एक गृहस्थ सकाळी व्हॅनची ट्रायल मागायला आला. चढाला गाडी दमते का ते बघायचं होतं. स्वतःची मोटरसायकल आमच्याकडं लावली आणि गेला. रफिकभाई म्हणाले, माणूस काळजीवाला दिसतो, नीट बघून घेणारा.

दुपार झाली, तरी पत्ता नाही. फोन लावला तर म्हणाला, "अजून बघतोय." त्याची चिकाटी बघून मला गहिवरून आलं.

संध्याकाळी आला. मागं सुतळीचे तुकडे, एक फुटकी कुंडी आणि देव्हाऱ्याचा दरवाजा.

"कशी वाटली गाडी?" मी विचारलं.

"एक नंबर. बहिणीचं सगळं घर एकाच खेपंत हललं."

"मग कधी नेता?"

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच काही विचित्र बोललो. "आता कशाला? बहीण पोचली की."

मोटरसायकल घेऊन तो गेला. देव्हाऱ्याचा दरवाजा रफिकभाईंनी दुसऱ्या दिवशी स्वतः त्याच्या बहिणीकडं पोचवला. पेट्रोल आमचंच.

*

आमच्या भागातले एक भाऊसाहेब. त्यांनी त्यांची व्हॅन आम्हाला विकली तेव्हा गाडीचं असं वर्णन केलं की बाप मुलीचंही करणार नाही. कधी ठोकली नाही, कधी जास्त माल भरला नाही, कधी कुणाच्या हातात दिली नाही. आम्ही घेतली. मग मेकॅनिकनं ती उघडली आणि त्या दिवशी तो जेवलाच नाही.

गाडी नीट केली, निळ्याची पांढरी केली. नवी नंबरप्लेट यायची होती म्हणून जुनी काढून ठेवली. तेवढ्यात भाऊसाहेब पुतण्याला घेऊन हजर. पुतण्याला व्हॅन हवी होती. भाऊसाहेब नेमके त्याच व्हॅनपाशी थांबले. खाली वाकून बघितलं, आत बसले, गिअर टाकून बघितला. रफिकभाई काही बोलायला गेले, तर त्यांनी हातानंच गप्प केलं.

"मला सांगू नका. मला गाडी बघितली की माणूस कळतो," भाऊसाहेब म्हणाले. "चेसिसला वेल्डिंग हाय, म्हणजे लई माल भरला. दार ठोकून सरळ केलंय. ज्याची कुणाची होती ना, त्यानं गाडीचे हाल केले. असल्या माणसाच्या हातात गाडी देऊच नाय."

"बरोबर," रफिकभाई शांतपणे म्हणाले. "म्हणून पुतण्याच्याच नावावर करू."

*

एक लांब व्हॅन आमच्याकडं बरेच महिने पडून होती. इंजिन उत्तम, टायर नवे, मागं भरपूर जागा. आधी ती एका ट्रस्टची शववाहिनी होती. मी म्हणायचो, रंग बदललाय, कोण विचारतंय? पण रफिकभाई प्रत्येक गिऱ्हाइकाला बाजूला घेऊन सांगायचे, आणि गिऱ्हाईक तिथूनच पायाला पाय लावून पळायचं. आम्ही आशा सोडली होती.

मग कन्नडचे नामदेवआप्पा आणि पार्वतीकाकू आले. दोघं गावोगावच्या आठवडी बाजारात कपडे विकतात. आदल्या संध्याकाळीच गाव गाठायचं आणि माल सांभाळत गाडीतच झोपायचं. जुन्या गाडीत आप्पांचे पाय बाहेर यायचे आणि काकू बसूनच डुलक्या घ्यायच्या. त्यांना इंजिनाशी देणंघेणं नव्हतं. आप्पा थेट मागं चढले आणि आडवे झाले. पाय पुरले. त्यांनी काकूंना हाक मारली. काकूही चढल्या, पदर डोक्याखाली घेतला आणि बाजूला पडल्या. बाहेर आम्ही दोघं उभे.

रफिकभाईंचा चेहरा उतरला होता. मी डोळ्यांनी त्यांना विनवलं. काही उपयोग नाही.

"आप्पा," ते दारात जाऊन म्हणाले, "एक बात बतानी है. ही मयताची गाडी होती."

आप्पा ताडकन उठून बसले. काकूंना हलवून म्हणाले, "ऐकलं का? मयताची गाडी हाय म्हणं ही."

काकूंनी डोळे उघडले नाहीत. कूस बदलली.

"ऐकलं. कुणाची झोपमोड झाली व्हती का, तेवढं इचारा."