गोडादऱ्याच्या तीन खोल्या आणि एक नळ

सुरतच्या गोडादऱ्यातल्या आमच्या खोल्यांसमोर त्या रविवारी सकाळी दोन भाडेकरू माझी वाट बघत उभे होते. नव्वदच्या दशकातली गोष्ट... आणि मला घरमालकीण होऊन जेमतेम दोन महिने झाले होते.

आमचे हे तेव्हा उधन्याच्या एका लूम कारखान्यात मास्तर होते. मी घरी साड्यांना फॉल-लेस लावायचे. भिशी लागली तेव्हा सगळे म्हणाले, सोनं घे. मी म्हटलं, सोनं कपाटात पडून राहतं, खोली दर महिन्याला हातावर काहीतरी ठेवते!

पत्र्याच्या छपराच्या तीन खोल्या, पुढे ओटा, मध्ये एक नळ. बँकेनं कागद बघून कर्जाला नकार दिला. मग विकणाऱ्या कनुभाईंशीच बोलले... भिशीचे पैसे आधी, उरलेले हप्त्यांनी, आणि दस्तावेज माझ्या नावावर. ते हसले, "बेन, तमे तो पाक्का वेपारी छो!" मलाही ते पटलं.

हिशेब सोपा होता. दोन खोल्यांचं भाडं हप्त्याला, तिसरीचं डागडुजीला. पहिल्या खोलीत आमच्याच खान्देशातले अशोकभाऊ आणि त्यांची बायको मंगल आली. दुसरीत बीडकडचे दत्ताराम. दोघेही लूमवर कामाला.

तिसरी खोली मी मेश्रामांना दिली. भंडाऱ्याकडचे, रेल्वेत नोकरी, बायको कुसुम आणि एक मुलगी. खोली बघायला आले तेव्हा त्यांनी रंगाचं काही विचारलं नाही... पाणी किती वाजता येतं आणि शाळा किती लांब आहे, एवढंच विचारलं. असा माणूस टिकतो, हे मी तेव्हाच ओळखलं.

शनिवारी त्यांचं सामान उतरलं. टेम्पोतून सगळ्यात आधी बुद्धाची तसबीर उतरली... आणि रविवारी सकाळी हे दोघे माझ्यासमोर उभे.

दत्ताराम म्हणाले, "वहिनी, नळ एकच आहे. त्यांच्याबरोबर आम्ही पाणी भरणार नाही. त्यांना सांगा, नाहीतर आम्ही दोघं खोली सोडतो."

दोन खोल्या रिकाम्या झाल्या तर हप्ता कुठून भरायचा? तिकडे मेश्रामांच्या दारात कुसुम हातात कळशी घेऊन उभी होती. तिला सगळं ऐकू जात होतं.

आम्ही सुरतेत नवीन होतो तेव्हाचे दिवस आठवले. खोली विचारायला गेलो की मालक आधी विचारायचे, मटण-मच्छी खाता का? हो म्हटलं की दार बंद. त्या बंद दारासमोर कसं वाटतं, ते मला चांगलं ठाऊक होतं.

मी म्हटलं, "दत्तारामभाऊ, नळ माझा आहे. खोली कोणाला द्यायची ते मी ठरवणार. तुम्हाला जायचं असेल तर तुमचं डिपॉझिट आत्ता देते."

अशोकभाऊ काही बोलणार, तेवढ्यात आतून मंगल बाहेर आली. पदर खोचलेला, हात पिठाचे. नवऱ्याकडे बघून म्हणाली, "माले कोठेच नही जानं. नळ दारात शे, शाळा जवळ शे. तुमले जानं व्हई ते जा!"

अशोकभाऊ खाली मान घालून आत गेले. मंगलनं नळाखालची आपली बादली बाजूला केली आणि कुसुमला हाक मारली, "ये वं, भरी ले."

दत्ताराम महिनाअखेरीस गेले. त्या महिन्यात मी साड्यांचे जास्त गठ्ठे घेतले, दुपारची झोप सोडली, आणि हप्ता वेळेवर दिला. ह्यांना काळजी वाटत होती... मला मात्र खात्री होती, खोली भरणार.

आणि भरली! मेश्रामांनीच त्यांच्या रेल्वेतला एक सोबती आणला. तो गेला तेव्हा त्यानं आपला मावसभाऊ आणला. 'खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी मला परत कधीच लावावी लागली नाही.

आता नवीन मुलं विचारतात, पहिली प्रॉपर्टी घेताना काय बघायचं? मी सांगते, कागद बघा, पाणी बघा, हप्ता झेपेल का ते बघा. पण खोली कोणाला द्यायची, हे गल्लीला विचारून ठरवू नका.

त्या सकाळी मी ताठ बोलले खरी, पण मनात हप्त्याचाच हिशेब चालला होता. मंगल, तू बाहेर आलीस म्हणून निभावलं... हे तुला कधी सांगितलंच नाही. तुझी सून फेसबुकवर आहे, ती वाचून दाखवेल. थँक्यू गं.