साडीगार्ड

गॅरेजच्या फरशीवर माझ्या नव्या क्रूझर बाइकचं साडीगार्ड काढून ठेवलं होतं. मिस्त्री म्हणाला, "काकू, हे नसलं की गाडी कशी रुबाबात दिसते बघा."

मला त्या साडीगार्डच्या खालच्या, पाय टेकायच्या पट्टीवर माझी सव्वीस वर्षं दिसत होती. ह्यांच्या मोटारसायकलवर दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसायचं, मांडीवर भाजीची पिशवी, मुठीत पदर आणि डोळ्यांसमोर ह्यांची पाठ. त्या पाठीपलीकडचा रस्ता मी कधी धड पाहिलाच नाही. माझी कंबर धरली म्हटलं की पाठच उत्तर द्यायची, "होईल सवय." बाई कुठे बसणार, हे गाडी बनवणाऱ्यानेही आधीच ठरवून टाकलेलं असतं.

मी हँडल माझ्या हाताच्या बेताने वर घेतलं. पुढच्या सीटमध्ये मऊ जेल भरून घेतलं, वर तपकिरी चामडं चढवलं. मागची सीट तेवढी होती तशीच ठेवली, वीतभर रुंद आणि फळीसारखी कडक.

"काकांसाठी मागेही जेल टाकू का?" मिस्त्रीने विचारलं.

"नको रे," मी म्हटलं. इतक्या गोड आवाजात मी कित्येक दिवसांत बोलले नव्हते.

रविवारी हे मागे बसले. पहिल्याच गतिरोधकावर आवाज आला, "अगं, कंबर गेली माझी."

समोर रस्ता लांबवर मोकळा दिसत होता. मी मान न वळवता म्हटलं, "होईल सवय," आणि पुढच्या गतिरोधकाला ब्रेक लावलाच नाही.