पाणी कुठे मुरतंय

वजनकाट्यावर एकतीस वर्षं ट्रक तोलून काटेवाले निवृत्त झाले, पण काटा काही त्यांच्या डोक्यातून निवृत्त झाला नाही. भाजीवाल्याची वजनं असोत, दूधवाल्याचं माप असो की दवाखान्यातलं यंत्र, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "हे शेवटचं कधी तपासलंय?" डॉक्टर चिडायचे. बायकोला मात्र सवय झाली होती. तिने संसारच एका संशयी माणसाशी केला होता, आणि बरा केला होता.

निवृत्तीनंतर दोघांनी एक छोटा ट्रेलर घेतला. चाकांवरची खोलीच ती. समोरासमोर दोन बाकं, बेसिन, एका भांड्यापुरती शेगडी. तिने पडदे शिवले, बाकांना खोळी शिवल्या. इतकी वर्षं काट्यामागच्या दोन खोल्यांत धूळ पुसत तिने फक्त दुसऱ्यांच्या गाड्या कुठे कुठे जातात ते ऐकलं होतं. आता तिला स्वतःला जायचं होतं. कुठेही चाललं असतं. फक्त ट्रेलर ओढायला एक गाडी हवी होती.

ती गाडी वर्ष झालं तरी मिळेना.

आधी तिच्या भावाने आपली कार देऊ केली. काटेवाल्यांनी ट्रेलर तिला जोडून काट्यावर नेला आणि मान हलवत परत आले. "नाकापेक्षा मोती जड! कागदावर साडेआठशे किलो, काट्यावर नऊशे नव्वद. विकणारा लबाड निघाला. तुझ्या भावाच्या गाडीची मर्यादा नऊशे. उतारावर ही ट्रेलरला ओढणार नाही, ट्रेलर हिला ढकलेल."

भाऊ फुरंगटून बसला, तो फोनच करेनासा झाला. मग शेजारच्या बाईंची गाडी आली. तिच्यामागे म्हणे ट्रेलर शेपटीसारखा हलत होता. मग गॅरेजवाल्याने आपली दणकट जीप आणली. जीपला तरी काय नावं ठेवणार, असं वाटून बायको निर्धास्त होती. काटेवाल्यांनी ट्रेलरच्या हूकखाली घरातलं वजनाचं यंत्र ठेवलं, वाकून आकडा वाचला आणि उठले.

"हूकवर भार फार पडतोय. मागची बाजू दबली की पुढची चाकं हलकी होतात. स्टिअरिंग ऐकायचं नाही."

गॅरेजवाला तिला बाजूला घेऊन म्हणाला, "काकू, राग मानू नका, पण माझ्या जीपला हे ओझं म्हणजे काहीच नाही. काकांना गाडी हवीय ना नक्की?"

"तुम्ही इंजिनाचं बघा," ती फटकन म्हणाली. पण शब्द मनात घुसला तो निघेना. पाणी कुठेतरी मुरत होतं. वर्षभर नवऱ्याच्या आकड्यांना मान डोलावणारी बाई आता त्याच्याकडे चोरून पाहायला लागली. पैसे गेल्याचा पस्तावा? छे, तसं असतं तर घेतानाच कटकट केली असती. मग एवढ्याशा खोलीत दिवसभर आपल्याबरोबर राहायचं नाही, असं तर नसेल? हा विचार आला आणि तिला रडू आलं.

एका दुपारी बेसिन पुसताना तिचा हात नळाला लागला. धो धो पाणी आलं. ती पाहतच राहिली. ट्रेलर एकदाही मुक्कामाला गेला नव्हता, मग ट्रेलरच्या पुढच्या भागातल्या टाकीत पाणी भरलं कोणी? तिने खालचं बूच काढून टाकी रिकामी केली, फरशी पुसली आणि ब्र काढला नाही.

आठ दिवसांनी गॅरेजवाला जीप घेऊन पुन्हा वजन करायला येणार होता. त्या सकाळी तिने स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं, तर काटेवाले ट्रेलरच्या पुढच्या टोकाशी उकिडवे बसले होते, हातात बागेची नळी.

ही चलाखी तिला पाठ होती. मालाचं वजन फुगवायला पाणी भरून आणणारे ट्रकवाले त्यांनी शेकड्यांनी पकडले होते आणि जेवताना रंगवून सांगितले होते. ती तशीच ओल्या हातांनी बाहेर गेली.

"किती लिटर?"

काटेवाले दचकले, पण आकड्याच्या बाबतीत खोटं बोलणं त्यांना जमेना. "ऐंशी."

"एकशे चाळीस जास्त भरलं होतं. बाकीचं बाकाखाली?"

"कॅन आहेत. साठ."

"माझ्याबरोबर जायचं नव्हतं तर तसं सांगायचं होतं! माझ्या भावाला कशाला दुखवलंत?"

"अगं, तुझ्याबरोबर कुठेही येईन," ते नळीकडे बघत म्हणाले. "उतारावर नको."

मग त्यांनी सांगितलं. काट्यावर लागून तिसरं वर्ष होतं. एक ड्रायव्हर हात जोडायला लागला, बायको दवाखान्यात आहे म्हणाला. त्यांनी तेवढा एकच ट्रक जास्त भारासकट जाऊ दिला. पुढच्या उतारावर ब्रेक लागले नाहीत.

"तो...?"

"गेला."

"किती जास्त होतं?"

"दोन टन तीनशे चाळीस." उत्तर तयारच होतं.

तिला भयंकर राग आला आणि तेवढीच कीवही आली. अठ्ठावीस वर्षं हा माणूस जगाची वजनं तपासत फिरला, आणि ती त्याला स्वभाव समजत होती. तिने नळी ओढून घेतली, नळ बंद केला आणि टाकीचं बूच काढलं. पाणी अंगणभर पसरत गेलं.

"आता खरं सांगा. रिकामा ट्रेलर कुठल्या गाडीला बसतो?"

"जीपला. आरामात."

"आणखी?"

"तुझ्या भावाच्या गाडीला. पहिल्याच दिवशी बसत होता."

तेवढ्यात फाटकाशी जीपचा हॉर्न वाजला. तिने बाकाखालचे कॅन एकेक करून बाहेर ओतले. गॅरेजवाल्याने ट्रेलर जोडला, पायाखालच्या चिखलाकडे पाहिलं आणि विचारलं, "काट्यावर घेऊ ना, काकू?"

"नाही," ती पुढचं दार उघडत म्हणाली. "उताराकडे घ्या. सावकाश."

काटेवाल्यांनी हूक दोनदा हलवून पाहिला, आणि जीपमध्ये मागे जाऊन बसले.